सुट्टी केव्हा होईल, डॉक्टर?

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की शहर संपते न संपते तोच सावंगी (मेघे) येते. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय इथलेच. १९९० साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले. शहराच्या दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. एका मध्यम आकाराच्या गावाला अशी दोन मोठी शिकवणारी रुग्णालये लाभल्याने इथल्या खाटांवर वर्धा जिल्ह्याबरोबरच यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडची माणसेही दिसतात.

अशा कुठल्याही रुग्णालयात सकाळचा राऊंड सुरू झाला की आजारांची नावे निरनिराळी असली तरी प्रश्न मात्र एकच ऐकू येतो. "डाक्टरसाहेब, सुट्टी केव्हा होईन?" कधी रुग्णाचा मुलगा विचारतो, कधी सून, कधी खाटेवरचे आजोबा स्वतःच. उत्तरही ठरलेले असते: "बघू, दोन-तीन दिवसांनी सांगतो." दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच.

नातेवाईक उतावीळ आहेत, असे तरुण डॉक्टरांना वाटते. पण या प्रश्नामागे अख्ख्या घराचा हिशेब असतो. सोयाबीनची डवरणी अडलेली असते, बकऱ्या शेजाऱ्याच्या भरवशावर असतात, आई दवाखान्यात म्हणून मोठी मुलगी शाळा बुडवून धाकट्यांना सांभाळत असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशभरातील घरांना एका भरतीमागे औषधपाण्याचा सरासरी किती खर्च आला ते विचारले होते. बाळंतपणे वगळता सरकारी रुग्णालयात तो सुमारे ४,४५२ रुपये आणि खासगीत सुमारे ३१,८४५ रुपये निघाला. सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी यात नाही. ती दिवसागणिक वाढत जाते, म्हणून दिवसांची संख्या आधी कळणे घरच्यांना हवे असते.

रुग्णालयालाही ते तितकेच हवे असते, फक्त कारण वेगळे. जॉन लिटल या अमेरिकी गणितज्ञाने १९६१ साली रांगांबद्दलचा एक साधा नियम सिद्ध केला. खाटांना तो असा लागू पडतो: रोज ४० रुग्ण भरती होत असतील आणि सरासरी मुक्काम ५ दिवसांचा असेल, तर कोणत्याही दिवशी २०० खाटा भरलेल्या राहतील. मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला, म्हणजे संध्याकाळी होणारी सुट्टी सकाळी झाली, तरी २० खाटा मोकळ्या होतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे महिने विदर्भातल्या मेडिसिन वॉर्डांना चांगले ठाऊक आहेत. डेंगी, स्क्रब टायफस, साप, फवारणीची विषबाधा, सगळे एकदम येते. तेव्हा एका खाटेचा दिवस म्हणजे दारात थांबलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी दिवस असतो.

मग डॉक्टर आकडा सांगत का नाहीत? एक कारण सरासरीत दडलेले आहे. समजा एका खोलीत दहा रुग्ण आहेत. नऊ जण ३ दिवस राहिले आणि एक ४३ दिवस. सरासरी निघते ७ दिवस. पण ७ दिवस राहिलेला तर एकही नाही. रुग्णालयातला मुक्काम बहुतेकदा असाच असतो. बरीच गर्दी डावीकडे आणि उजवीकडे लांबत गेलेली शेपटी. त्या शेपटीत कोण जाणार, हेच खरे ओळखायचे असते आणि तेच सर्वांत अवघड असते.

घोणस चावलेले दोन शेतकरी एकाच रात्री येतात. दोघांच्या पायाची सूज सारखी, दोघांचे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे ठेवूनही गोठत नाही. दोघांना प्रतिविष सुरू होते. एकाचे रक्त सकाळपर्यंत गोठू लागते आणि तो तीन-चार दिवसांत घरी जातो. दुसऱ्याची लघवी दुसऱ्या दिवशी कमी होते, क्रिएटिनिन चढते, डायलिसिस लागते आणि मुक्काम दोन-तीन आठवड्यांवर जातो. पहिल्या रात्री दोघांत फरक करणारी एखादी गोष्ट असली तर ती पुष्कळदा केसपेपरवर नसतेच: चावल्यापासून इथे पोहोचेपर्यंतचे तास, आणि मधल्या वेळात मांत्रिकाकडे झालेली फेरी.

फवारणीच्या विषाचे तर आणखी विचित्र. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना मोठ्या प्रमाणावर विषबाधा झाली, मृत्यूही झाले, तेव्हा मोनोक्रोटोफॉससारखी नावे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली होती. ही ऑर्गनोफॉस्फरस जातीची कीटकनाशके. रुग्ण येतो तो घामाने निथळत, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अॅट्रोपिन दिले की दुसऱ्या दिवशी तो बोलू लागतो, चहा मागतो. नातेवाइकांना वाटते, झाले, आता घरी. आणि मग विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींची मान लुळी पडते, दंड उचलत नाहीत, पुढे श्वासाचे स्नायू थकतात. व्हेंटिलेटर लागला तर तो आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त काळ राहतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या "आता बरं वाटतं जी" या वाक्यावर अनुभवी डॉक्टर सुट्टी लिहीत नाही. विष मुद्दाम घेतलेले असेल तर शरीर सुधारल्यावरही मनोविकारतज्ज्ञांची भेट झाल्याशिवाय त्याला पाठवू नये. त्या दोन दिवसांना कुणी वाया गेलेले म्हणू नये.

काही मुक्काम याउलट आधीच कागदावर ठरलेले असतात. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी संस्थेतील साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस मोफत जेवण मिळते. हे दिवस प्रत्येक आईची तब्येत पाहून काढलेले नाहीत. ते धोरणाने ठरवलेले आहेत, आणि ते योग्यच आहे.

दिवस ठरवण्यात आजाराइतकाच रिवाजाचा हात असतो, हे इतिहासात वारंवार दिसले आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एकेकाळी सहा-सहा आठवडे पाठ गादीला लावून ठेवत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना सुरुवातीपासूनच आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा सहकाऱ्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. रुग्ण दगावले नाहीत, उलट हुशारले. आज वेळेवर अँजिओप्लास्टी झालेला, गुंतागुंत नसलेला रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो.

भारतातले उदाहरण याहून मोठे आहे. क्षयरोग्यांना महिनोन्‌महिने आरोग्यधामात ठेवायची पद्धत होती. मिरजेजवळही असे आरोग्यधाम होते. मद्रासमध्ये १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग केंद्राने काही रुग्ण आरोग्यधामात आणि काही त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निकाल आला. घरच्यांना खायला कमी, जागा अपुरी, तरीही औषधाचा परिणाम जवळपास सारखाच, आणि घरातल्यांना संसर्गही अधिक झाला नाही. जगभरची आरोग्यधामे ओस पडायला या निष्कर्षाने मोठा हातभार लावला. महिन्यांचा मुक्काम शून्यावर आला.

कमी दिवस म्हणजे नेहमी चांगलेच, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने १९८३ पासून रुग्णालयांना झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे देणे सोडून निदानानुसार एकगठ्ठा रक्कम द्यायला सुरुवात केली. मुक्काम घटले. पण नंतरच्या पाहण्यांत असेही आढळले की प्रकृती पुरती स्थिर झालेली नसताना घरी जाणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढले होते. २०१२ पासून त्याच मेडिकेअरला महिन्याभरात परत भरती होणाऱ्यांसाठी रुग्णालयांना दंड लावावा लागला. आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेतही शस्त्रक्रियांना एकगठ्ठा रक्कम असते, तर औषधोपचाराच्या बऱ्याच आजारांना दिवसाच्या हिशेबाने. पैसा कशावर मोजला जातो, याची सावली मुक्कामावर पडतेच.

दुसऱ्या बाजूने जास्त दिवसांची किंमतही रुग्णच मोजतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना १० दिवस फक्त अंथरुणात ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. ही निरोगी माणसे होती. न्यूमोनियातून उठलेल्या सत्तरीच्या आजीचे काय होत असेल, याचा अंदाज वॉर्डातल्या मावशींना असतो. त्या तिला रोज धरून बाथरूमपर्यंत नेतात. त्यात रुग्णालयातले जंतू, पाठीवरच्या जखमा, रात्रीचा गोंधळलेपणा यांची भर.

म्हणजे नेमका अंदाज हवा, आणि माणसाला तो नीट जमत नाही. ब्राझीलमधल्या अतिदक्षता विभागातील डॉक्टरांना भरतीच्या वेळीच मुक्काम किती ते लिहायला सांगितले होते. २०१६ मध्ये आलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच होता, की त्यांना ते अचूक सांगता येत नाही. इथे संगणकाकडून आशा सुरू होते.

यंत्राला मागच्या हजारो रुग्णांची माहिती द्यायची: वय, निदान, भरतीच्या वेळचा रक्तदाब, ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, वर्षभरात आधी किती वेळा भरती. सोबत प्रत्येक जण किती दिवस राहिला तेही. त्यातून यंत्र स्वतःच नाते शोधते आणि नव्या रुग्णाबद्दल अंदाज देते. गुगलच्या संशोधकांनी २०१८ साली अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या रुग्णालयांतील २ लाख १६ हजारांहून अधिक भरतींवर हे केले. सात दिवस किंवा त्याहून जास्त कोण राहील, हा प्रश्न होता. लांब राहिलेला एक आणि लवकर गेलेला एक अशी जोडी यंत्रापुढे ठेवली, तर शंभरातल्या ८५-८६ जोड्यांत ते योग्य माणसाकडे बोट दाखवत होते. नाणेफेक केली असती तर ५० जोड्या बरोबर आल्या असत्या. निकाल चांगला आहे. पण तो कुणाचा नेमका दिवस सांगत नाही, आणि १४-१५ जोड्यांत चुकतो, हे बातम्यांच्या मथळ्यांत येत नाही.

जगभरच्या विद्यार्थ्यांनी अशी यंत्रे बांधताना एक ठरावीक शिदोरी वापरली आहे: बोस्टनच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागांची, रुग्णांची ओळख पुसून संशोधकांना खुली केलेली माहिती. शिकायला ती उत्तमच आहे. पण त्या यंत्राने घोणस पाहिलेली नाही आणि बोंडअळीसाठी पाठीवर पंप घेऊन निघालेला माणूसही पाहिलेला नाही. ते जसेच्या तसे सावंगीच्या किंवा यवतमाळच्या वॉर्डात आणून बसवणे म्हणजे कोकणातल्या माणसाला वऱ्हाडच्या पावसाचा अंदाज विचारण्यासारखे आहे. शिकवायचे तर इथल्याच केसपेपरवर शिकवावे लागेल.

आणि इथल्या केसपेपरांत एक खाच आहे. रजिस्टरमध्ये तीन ओळी एकाखाली एक आहेत असे समजा, तिन्हींसमोर "मुक्काम: १ दिवस". पहिला रुग्ण जुलाबाचा; सलाईन लागले, बरा झाला, गेला. दुसरी बाई रक्तक्षय आणि हृदयाच्या त्रासाची. घरात पैसे उरले नाहीत, नवऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर नेत असल्याची सही केली. कर्मचारी त्याला "डामा" म्हणतात. तिसरा विष प्यालेला मुलगा, पहाटे गेला. यंत्राला फक्त मुक्कामाचा आकडा दिला तर ते तिघांकडून एकच धडा शिकते: लवकर सुट्टी. उद्या तशीच बाई आली की ते म्हणेल, हिला एक दिवस पुरतो. गुन्हा यंत्राचा नाही. सुट्टी कशी झाली हा रकाना ज्याने वगळला त्याचा आहे. बरा होऊन, नेऊन, मृत्यू, दुसरीकडे पाठवून, फरार, हे पाच शब्द वॉर्डाच्या रजिस्टरात पूर्वीपासून लिहिले जातात. संगणकात भरताना तेच गाळले जातात, हे चीड आणणारे आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना हे दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. १८६० च्या सुमारास त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे तक्ते सुचवले, त्यांत सरासरी मुक्कामाच्या शेजारीच बरे झालेले, न बरे होता गेलेले आणि मृत, असे वेगळे रकाने होते. एकटा आकडा फसवतो म्हणून.

दुसरी खाच याहून खोल आहे. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात, लवकर घरी जाऊ शकतील असे रुग्ण ओळखून त्यांच्याकडे समन्वयक आधी पाठवायचे, म्हणजे उरलेसुरले अडथळे दूर होऊन खाट लवकर मोकळी होईल, असा विचार झाला. पत्त्याचा पिनकोड घातल्यावर यंत्राचा अंदाज आणखी सुधारला. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की ज्या पिनकोडांतले लोक जास्त दिवस राहत होते त्या गरीब, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या होत्या. म्हणजे यंत्राचे ऐकले असते तर मदतीचा माणूस आधी सुखवस्तू वस्तीतल्या रुग्णाकडे गेला असता. प्रत्यक्ष वापरात येण्याआधी ते लक्षात आले, हे नशीब.

पिनकोडच्या जागी तालुका घालून पाहा. मेळघाटातल्या धारणीचा किंवा झरी जामणीचा रुग्ण वर्धेच्या रुग्णापेक्षा एक-दोन दिवस जास्त राहत असेल तर त्याचा आजार जास्त असतो असे नाही. रात्री ताप चढला तर शंभर किलोमीटरहून लांबून तो परत कसा येणार, या धास्तीने डॉक्टरच सुट्टी पुढे ढकलतात. योजनेची मंजुरी अडकते. रविवार मध्ये येतो. अमावास्येला घरी न्यायचे नाही म्हणून नातेवाईकच थांबतात. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी तोच वॉर्ड अर्धा रिकामा होतो, बैल सजवायला घरी माणूस हवा म्हणून, मग साखर तीनशेवर असो. यंत्र हे सगळे टिपते आणि त्याला आजार समजते.

तरीही अंदाज टाकून देऊ नये. त्याचा उपयोग कशासाठी, यावर सगळे आहे. "याची सात दिवसांपुढे जाण्याची शक्यता जास्त" असे पहिल्याच संध्याकाळी कळले, तर फिजिओथेरपी दुसऱ्या दिवसापासून सुरू करता येते, रक्तासाठी नातेवाइकांना वेळेत सांगता येते, योजनेची कागदपत्रे (रेशनकार्ड, आधार) गावाहून मागवता येतात. हाच अंदाज "याला घेऊच नका, खाट अडेल" असे सांगायला वापरला तर तो घातक. यंत्र दोन्ही प्रसंगी तेच आकडे दाखवते.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत भरतीनंतर लगेच सुट्टीची अपेक्षित तारीख लिहायची आणि रोज तपासायची पद्धत आहे. यंत्राशिवायही ती कुठल्याही वॉर्डात चालू करता येते. लागतो तो एक रकाना आणि तो रोज खोडून पुन्हा लिहायची तयारी. एक आकडा न देता पल्ला द्यावा: "बहुतेक चार ते सहा दिवस, किडनीला त्रास झाला तर दोन-तीन आठवडेही लागतील." हे ऐकून नातेवाईक घाबरत नाहीत. "बघू" ऐकून घाबरतात.

नातेवाइकांनीही प्रश्न थोडा बदलून विचारावा. सुट्टी केव्हा, याऐवजी: घरी जायला काय काय व्हायला हवे? डॉक्टरला याचे उत्तर देता येते. ताप औषधाविना एक दिवस उतरलेला हवा, तोंडाने जेवण जायला हवे, ऑक्सिजन नळीशिवाय टिकायला हवा, आजींना आधाराने चार पावले चालता यायला हवीत. मग घरचेही कामाला लागतात. इन्सुलिन सुरू होणार असेल आणि घरी फ्रिज नसेल तर पाण्याच्या ओल्या मडक्याची सोय, जखमेचे ड्रेसिंग गावच्या उपकेंद्रात कोण करणार, खुब्याचे हाड मोडलेल्या आजोबांना उंच संडासाची खुर्ची कुठून आणायची, आशाताईंचा फोन नंबर. सुट्टीच्या कागदावर औषधांची नावे असतात, या गोष्टी नसतात; आणि परत भरती होणारे बरेच जण यांच्यापायीच येतात.

फवारणीची विषबाधा झालेल्या रुग्णाजवळ चौथ्या-पाचव्या सकाळी डॉक्टर थांबतात. अॅट्रोपिन बंद होऊन एक दिवस उलटलेला असतो. रिपोर्ट हातात असतात, पण ते आधी बाजूला ठेवले जातात.

"भाऊ, उशीवरून डोकं उचला बरं. तसंच धरून ठेवा."

डोके वर येते. खोलीतले सगळे त्याच्या मानेकडे पाहतात. विद्यार्थी मनात अंक मोजतात. हात न लावता ती तेवढा वेळ टिकली, की डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे वळतात आणि विचारतात, "ताई, तुमच्या गावाची उद्याची शेवटची एसटी किती वाजता आहे?"